चट्टेवाले आले!

कंडक्टरचे किस्से डेपोत रंगतात, मास्तरांचे शाळेच्या व्हरांड्यात, तलाठ्याचे चावडीवर. आमचे किस्से सांगायची कुठं सोयच नव्हती! घरी तोंड उघडलं की बायको म्हणायची, "आधी हात धुऊन या." हॉटेलात चहा पिताना सुरुवात केली की शेजारचा माणूस अर्धा कप टाकून उठायचा. त्यामुळं किस्से साठत गेले. नोकरीची सगळी वर्षं साठले. आता रिटायर झाल्यावर कोणी विचारलं की एकाच्या मागून दुसरा निघतो आणि थांबता थांबत नाही.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. हे ऑर्डरीवरचं नाव. लोकांच्या तोंडी आम्ही 'चट्टेवाले'. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि मीही नवा होतो. बुलढाणा जिल्ह्यात, धामणगाव बढे, रोहिणखेड या भागात आमचं पथक फिरायचं. पथक म्हणजे तिघं जण. पुण्याहून आलेले तरुण डॉक्टर लिमये, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे गफूरभाई आणि मी, सोनोने.

काम सांगायला सोपं. घरोघर जायचं, माणसांची कातडी बघायची. फिकट चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला लावायचे, कापसाचा बोळा हलकेच टेकवायचा आणि सांगायचं, "लागलं की हो म्हणा." हो आलं तर सुटला. नाही आलं तर महारोग. त्या काळी हा शब्द गावात उच्चारला तरी माणसाची विहीर वेगळी व्हायची, बसायची जागा वेगळी व्हायची, मुलीचं लग्न मोडायचं. त्यामुळं बोळा टेकवल्यावर समोरचा माणूस श्वास रोखून बसायचा.

आणि आम्ही? आम्हीपण!

*

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी मुलीकडच्यांना एवढंच सांगितलं, "पोरगा हेल्थमध्ये हाये." त्यात खोटं काही नव्हतं. पण माझ्या सासऱ्यांनी जळगाव जामोदजवळच्या त्यांच्या गावात जाऊन सांगितलं, "जवाई डाक्टर हाये!" मी ऐकलं आणि गप्प बसलो. दोन वर्षं गप्प बसलो.

मग एकदा तिकडच्या पथकात माणसं कमी पडली म्हणून आम्हाला पंधरा दिवसांसाठी पाठवलं. गावांची यादी वाचली. चौथं गाव सासुरवाडी!

मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, मला ताप आल्यासारखं वाटतंय." डॉक्टरांनी लगेच थर्मामीटर लावलं. "नॉर्मल आहे, सोनोने."

गफूरभाई शेजारून म्हणाले, "भेवाचं थर्मामीटर अजून निंगालं नाई, साहेब."

गावात शिरताना मी तोंडाला दुपट्टा गुंडाळला. पण पोरं आमच्या पुढं पळत सुटली, "चट्टेवाले आले! चट्टेवाले आले!" आणि धाड धाड दारं लागायला लागली. सासऱ्यांचंही दार लागलं. गफूरभाईंनी कडी वाजवली.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "आमच्या घरी कोनाले काई नाई! आमचा जवाई डाक्टर हाये. तोच पाह्यते आमाले!"

गफूरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नको नको म्हणत होतो. तरी ते ओरडले, "बाई, तोच आला हाये!"

मी घामानं भिजलो. बायको माहेरी आली की आता हे लोक तिला परत पाठवणार नाहीत, एवढंच डोक्यात घुमत होतं. कडी निघाली. सासूबाईंनी पाय धुवायला तांब्या आणून ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही मुलगी दिली नसती."

"नसतीच देली," त्या म्हणाल्या. मग माझ्यासमोर बसल्या आणि हात पुढं केला. "पाहा मंग. पयले मायं पाहा."

*

लिमये डॉक्टर हुशार, पण त्यांना आमची बोली कळायची नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सोनोने, हे सगळे पेशंट 'काऊन' 'काऊन' म्हणतात. काय आहे ते? आपल्या पुस्तकात नाही." मी सांगितलं, रोग नाही साहेब, 'का' असं विचारतात.

एकदा धामणगावच्या बाजाराच्या दिवशी निंबाच्या झाडाखाली आमचा दवाखाना लागला होता. ऊन कडक. चाळीसेक माणसं तपासून झाली होती. एक बाई आली. हात पदराखाली.

डॉक्टर म्हणाले, "काय त्रास होतोय?"

"काई नाई."

"दुखतं?"

"नाई."

"खाजतं? आग होते?"

"नाई ना, डाक्टर!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, काहीच होत नाही, तर आलात कशाला?"

बाईनं पदराखालचा हात काढला. तीन बोटं भाजून फुगली होती. कातडी सुटली होती. मला बघवेना.

"तव्याले टेकून राह्यला होता हात," ती म्हणाली. "पोरगी वरडली तवा मले समजलं. काहीच होऊन नाई राह्यलं, डाक्टर. त्याचंच तं भेव वाटून राह्यलं!"

डॉक्टर उठले. हाताला स्वतः पट्टी बांधली, ती पण अर्धा तास लावून. आणि त्या दिवसापासून बदलीचा कागद येईपर्यंत त्यांचा पेशंटला पहिला प्रश्न ठरलेला होता, "बोला, काय होत नाही?"

*

एका शाळेत गुरुजींनी आमचं फार छान स्वागत केलं. पोरांना रांगेत बसवलं आणि भाषण ठोकलं. "मुलांनो, रोगाला भिणे हे अज्ञानाचे लक्षण आहे. घाबरायचं काय त्यात? हे विज्ञानाचे युग आहे!"

पोरं भराभर सदरे काढत होती, आम्ही तपासत होतो. पासष्ट-सत्तर पोरं झाली. एकालाही काही नाही. मग डॉक्टर हसत म्हणाले, "गुरुजी, आता तुमचा शर्ट."

गुरुजी म्हणाले, "आलोच. तेवढी घंटा देऊन येतो."

घंटा झाली. शाळा सुटली. पोरं बाहेर पळाली आणि पोरांच्या पुढं गुरुजी!

दुसऱ्या दिवशी परत गेलो तर टेबलावर अर्ज. अक्षर मोत्यासारखं. 'माझी तब्येत पूर्णपणे ठीक असल्यामुळे मला आठ दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.'

डॉक्टरांनी तो अर्ज दोनदा वाचला. हसले. मग गंभीर झाले. "याला काहीतरी दिसलेलं आहे," ते म्हणाले.

आठ दिवस आम्ही वाट बघितली. नवव्या दिवशी गुरुजी गफूरभाईंच्या घरी, मागच्या दारानं आले. योगायोगानं मी तिथंच होतो. तोंड भिंतीकडं करून त्यांनी शर्ट वर केला. कमरेच्या वर रुपयाएवढा गोल चट्टा. कडा लाल, वर खपली. गफूरभाईंनी कापूस काढलासुद्धा नाही.

"गुर्जी, गजकर्न हाये. मलम लावा. पंधरा दिवसात जाईन."

गुरुजी होते तिथंच खाली बसले. खांदे हलायला लागले. "आठ दिवस लेकराला जवळ घेतलं नाही हो मी," ते म्हणाले. "ते दारात उभं राहून रडायचं, मी आतून बघायचो."

गफूरभाईंच्या बायकोनं चहा दिला. गुरुजींनी डोळे पुसले, शर्टाची बटणं लावली, कॉलर नीट केली आणि आम्हाला म्हणाले, "घाबरलो नव्हतो हं मी."

*

आता माझं सांगतो. हसू नका.

एक दिवस आंघोळ करताना डाव्या दंडावर फिकट डाग दिसला. पैशाएवढा. साबणानं घासला, गेला नाही. टॉवेलनं पुसला, गेला नाही.

तपासायचं तर माझ्याइतका तज्ज्ञ कोण? डोळे मिटले, कापूस घेतला, टेकवला. लागला. पण खरंच लागला, की मीच टेकवला म्हणून मला माहीत होतं? तेव्हा कळलं, दुसऱ्या हजार माणसांना तपासता येतं, स्वतःला येत नाही!

अकरा दिवस मी कोणाला बोललो नाही. भर वैशाखात फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरलो. घरी वेगळं ताट घ्यायला लागलो. अंगणात वेगळी बाज टाकली. उकडतं म्हणून सांगितलं. बायकोनं चार दिवस बघितलं आणि विचारलं, "मायं काई चुकलं का?" मी परत म्हणालो, "उकडतं." मी रोज लोकांना सांगत आलो होतो की लवकर कळलं तर बरा होतो, लपवू नका. आणि मी स्वतः बटणं लावून बसलो होतो.

शेवटी सायकल मारत गफूरभाईंकडं गेलो. "भाई, जरा बघता का?"

कुठं, काय, काही विचारलं नाही त्यांनी. खिशातून कापूस काढला. मी डोळे मिटले. कानात नुसते ठोके.

"हो," मी म्हणालो. "हो... हो... हो..."

"अबे थांब!" गफूरभाई ओरडले. "आता मीनं लावलाच नाई! हो काऊन म्हन्तो?"

मग त्यांनी मला पाणी पाजलं आणि सगळं पहिल्यापासून परत केलं. डाग खरूज येऊन गेल्याचा होता. बाकी काही नव्हतं. मी घडवंचीला टेकून बसलो.

"भाई, हे कोणाला सांगू नका. डॉक्टरांना तर अजिबात नको. काय म्हणतील?"

"काई नाई म्हननार. डाक्टर दर मयन्याच्या एक तारखेले येतेत मायाकडं. दार लावून घेतेत अन् शर्ट काढतेत."

मी बघतच राहिलो. "आणि तुम्हाला कोण तपासतं?"

"डाक्टर. दोन तारखेले."

*

औषध म्हणजे त्या काळी डी.डी.एस.च्या गोळ्या. वर्षानुवर्षं घ्यायच्या. माणसं कंटाळायची. आमचा एक शेतकरी होता, वामनराव. दर महिन्याला गोळ्या न्यायला वेळेवर यायचा. चट्टा हळूहळू भरत आला. रंग परत आला, स्पर्श परत आला. डॉक्टर इतके खूश, की पाहुणे डॉक्टर आले होते त्यांना दाखवायला वामनरावला मुद्दाम बोलावलं. तो बायकोला घेऊन आला.

डॉक्टर म्हणाले, "बघा, नियमित गोळ्यांचा परिणाम!"

वामनराव खदखदून हसायला लागला. "साहेब, एक खरं सांगू? मीनं तुमची एकबी गोई खाल्ली नाई! घरी नेली का देवळीतल्या डब्यात टाकून देतो. मले रोगच नोता. आपोआप गेला. तुमच्या गोया बेकार हायेत!"

लिमये डॉक्टरांचा चेहरा एकदम उतरला. पाहुणे डॉक्टर वहीतलं लिहिणं थांबवून बघायला लागले. गफूरभाई माझ्याकडं, मी गफूरभाईंकडं. दीड वर्षाचं काम पाण्यात गेल्यासारखं वाटलं. रोग गेला कसा मग?

तेवढ्यात मागं बसलेली त्याची बायको पदर सावरत उठली. "डबा उघडून पाह्यला का कदी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"काऊन?"

"रिकामा हाये तो. रोज सकायी चटनीत कोन कालवत होतं?"

वामनरावचं तोंड उघडंच राहिलं. पाहुणे डॉक्टर उठून त्या बाईंना नमस्कार करून आले. आणि वामनराव एवढंच म्हणाला, "तरी म्हनलं, दीड वर्षापासून चटनी कडू काऊन लागून राह्यली!"

*

आपल्या गावात गोळी घ्यायची कोणाची छाती नसायची. माणसं दूरदूरच्या दवाखान्यात जायची, जिथं कोणी ओळखत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून दोन गृहस्थ आमच्याकडं यायचे. दोन एसट्या बदलून! एक सोमवारी यायचा, एक गुरुवारी. दोघांनी घरी सांगितलेलं, बैल बघायला जातो. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. आम्हाला दोघांचा होता, पण आम्ही कशाला बोलतो?

एकदा सोमवारी सुट्टी आली. सोमवारवाला गुरुवारी आला. मी लांबून बघितलं. गुरुवारवाला झाडाखाली आधीच बसलेला!

समोरासमोर आले. दोघंही जागच्या जागी थिजले. एकाच गल्लीत राहणारी, शेताला शेत लागून असलेली माणसं. एकाच्या हातात गोळ्यांची पुडी होती, ती त्यानं मुठीत आवळली.

"तू इथं काऊन?" पहिल्यानं कसंबसं विचारलं.

"मी... ह्या भाऊले रस्ता इचारून राह्यलो होतो," दुसरा माझ्याकडं बोट दाखवत म्हणाला. "तू?"

"मी बी रस्ताच इचाराले आलो."

कोणी हसलं नाही. दोघं माझ्याकडं बघत होते. मी एकदा काही बोललो तर दोघांचं आयुष्य उघडं पडणार होतं. मी उठलो, हात लांब केला आणि म्हणालो, "हा सरळ गेला की एसटी स्टँड."

दोघं सरळ गेले. एकाच गाडीनं परत गेले.

पुढच्या महिन्यात दोघं बरोबरच आले. एक जण बिडी ओढत लांब उभा राहिला, दुसरा पुढं आला. मग दुसरा लांब गेला, पहिला पुढं आला. हे पाच वर्षं चाललं. दोघं ठणठणीत बरे झाले. शेवटची गोळी घेतली त्या दिवशी दोघांनी मला चहा पाजला आणि निघताना एक जण म्हणाला, "भाऊ, रस्ता लय चांगला सांगतला तुम्हीनं."

*

आता शेवटचा. यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणार नाही. दोन्ही घरं अजून तिथंच आहेत.

किसनरावांची मुलगी सुमन. लग्न ठरलेलं, आठ दिवसांवर आलेलं. तिच्या मानेवर फिकट ठिपके उठले. कोणीतरी पाणवठ्यावर बघितले आणि बातमी मुलाच्या घरी पोचली. मुलाचे वडील पुंडलिकराव तडक आले. चारचौघांत म्हणाले, "चट्टेवाल्याईले दाखवा. ते म्हनतीन ते खरं. नाईतं लगन मोडलं."

आमचा दवाखाना बाजाराच्या दिवशी झाडाखाली लागला होता. तिथं बैलगाडीतून सगळे आले. पुंडलिकराव, त्यांचे दोन भाऊ, किसनराव आणि मधे सुमन, मान खाली घातलेली. किसनरावांचे ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटत होते. बाजारातली माणसं गोळा व्हायला लागली, त्यांना मी हाकललं.

डॉक्टरांनी सुमनला बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. कापूस मानेला टेकला.

"हो," सुमन म्हणाली. परत टेकला. "हो." डॉक्टरांनी अकरा ठिकाणी बघितलं. अकरा वेळा स्पष्ट "हो".

"शिबं आहेत," डॉक्टर म्हणाले. "घामानं होतात. लग्नाला काही हरकत नाही."

किसनराव मटकन खाली बसले. पण पुंडलिकराव म्हणाले, "लिहून द्या." डॉक्टरांनी कागदावर शिब्याचं इंग्रजी नाव लिहून दिलं. पुंडलिकरावांच्या भावानं एकेक अक्षर लावत वाचायचा प्रयत्न केला आणि कागद खाली केला. "दादा, एवढं मोठं नाव हाये. म्हंजे रोगबी मोठाच असन!"

पुन्हा सगळं बिनसायला आलं. डॉक्टर वैतागून हात धुवायला जीपकडं गेले. गफूरभाईंनी दुसरा कागद घेऊन मराठीत लिहिलं, 'शिबं आहेत. बाकी काही नाही.' तरी पुंडलिकरावांचं समाधान होईना.

"नुसत्या कापसानं समजते म्हन्ता? मले लावून दाखवा बरं."

ते बाकावर बसले. बाह्या वर केल्या, डोळे मिटले. भाऊ पाठीमागं उभे. सुमन उठून बाकाशेजारीच उभी राहिली होती. मी समोर, रजिस्टर घेऊन.

गफूरभाईंनी उजव्या तळहाताला कापूस लावला. "हो!" पुंडलिकराव मोठ्यानं म्हणाले. भाऊ हसले. किसनरावही हसायचा प्रयत्न करायला लागले. डाव्या मनगटाला लावला. "हो! समजते बाप्पा, समजते!"

मग गफूरभाईंचा हात थांबला. डाव्या कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, फिकट चट्टा होता. तेवढ्या भागावर केस नव्हते. त्यांनी कापूस टेकवला.

पुंडलिकराव डोळे मिटून हसत बसले होते.

गफूरभाईंनी परत टेकवला. थोडा दाबून. पुंडलिकराव तसेच हसत होते. "लावा ना लवकर," ते म्हणाले.

मागून भावानं विचारलं, "काय झालं?"

मागच्यांना कापूस दिसत नव्हता. आम्हा दोघांना दिसत होता. आणि सुमनला. तिनं कापसाकडं बघितलं, मग पुंडलिकरावांच्या तोंडाकडं बघितलं. न लागल्याचा अर्थ काय होतो, हे तिला पक्कं माहीत होतं. ठिपके उठल्यापासून ती तेच ऐकत होती. आता ही एक शब्द बोलली की संपलं, मला वाटलं.

सुमन थोडी वाकली आणि हळूच म्हणाली, "मामाजी, हो म्हना."

पुंडलिकरावांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. कापूस अजून हातावर टेकलेला होता.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"हो," ते म्हणाले. मग घसा साफ करून मोठ्यानं, "हो हो. लागला."

बाही खाली केली. बटण लावायला गेले तर बोटांना सापडेना. तसेच उठले. भावांना म्हणाले, "शिबंच हायेत पोरीले. चाला आता. पत्रिका वाटाच्या राह्यल्या."

लग्न झालं. आम्ही तिघं जाऊन आलो. पुंडलिकराव आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आमच्याकडं बघितलंही नाही. दोन महिने झाले, तीन झाले, गोळ्या न्यायला येईनात. गफूरभाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं, ते रोज विचारायचे. घरी जावं तर चट्टेवाले आले म्हणून गावभर होणार. न जावं तर गोळ्यांविना त्यांचा हात वाकडा होणार. गफूरभाईंना जेवण गोड लागेना.

चौथ्या महिन्यात, बाजाराच्या दिवशी, झाडाखाली रांगेत सुमन उभी होती. हातात हिरवा चुडा, काखेत बाजाराची पिशवी. रांगेतली माणसं तिच्याकडं टकामका बघत होती. तिचा नंबर आला.

"गोया द्या भाऊ," ती म्हणाली.

गफूरभाईंनी रजिस्टर उघडलं. पेन काढलं. आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "नाव कोनाचं लिहू, बेटा?"

"मायंच लिहा," सुमन म्हणाली. "मले शिबं हायेत ना."